‘मला झेपते’ म्हणजे शरीरात नेमकं काय होतं?

रक्ताची ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरून बाहेर आली की तिच्यात दोन थर दिसतात. खाली गोठलेलं लाल, वर सीरम. हे सीरम वाळल्या गवताच्या रंगाचं आणि स्वच्छ असतं. ट्यूबमागे वर्तमानपत्र धरलं तर मथळा वाचता येतो. आषाढातल्या एका सकाळी माझ्या हातात आलेल्या ट्यूबमध्ये वरचा थर चक्क ताकासारखा होता. पांढरा, दाट. ट्यूबवरचं नाव बाहेर बाकावर बसलेल्या पंचेचाळिशीच्या गृहस्थांचं.

“दादा, सकाळपासून काही खाल्लंत?”

“पाणीसुद्धा नाही, ताई. रात्री साडेआठला जेवलो, तेवढंच.”

“आणि जेवणाआधी?”

“दोन. रोजचेच.”

“दोन काय?”

हा प्रश्न त्यांना कळलाच नाही. दोन म्हणजे दोन. वर म्हणाले, “मला झेपते हो. कधी पाय अडखळला नाही.”

मी तालुक्याच्या गावात पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं काम करते. डॉक्टर नाही. पण एकाच माणसाचे दहा-बारा वर्षांचे आकडे ओळीनं बघायला मिळतात, आणि त्या ओळीतून पुष्कळ कळतं. दारूचे परिणाम म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे गटारीच्या रात्री रस्त्याकडेला पडलेला माणूस येतो. माझ्या बाकावर तो फारसा येत नाही. येतात ते हे दादा. सातला घरी, हातपाय धुऊन टीव्हीसमोर, शेंगदाण्यांची बशी, दोन पेग, वेळेवर जेवण, सकाळी कामावर हजर. हप्ते थकलेले नाहीत, कुणाशी भांडण नाही. हे लिहितेय ते त्यांच्यासाठी.

आधी ‘दोन’चा हिशेब

पेग हे माप शरीराला कळत नाही, त्याला ग्रॅम कळतात. व्हिस्की, रम, ब्रँडी, व्होडका, देशी संत्रा, कुठलीही बाटली उचला, आपल्याकडे बहुतेकांच्या लेबलवर ४२.८ टक्के हाच आकडा असतो. म्हणजे १०० मिलीत ४२.८ मिली शुद्ध अल्कोहोल. ते पाण्यापेक्षा हलकं, एक मिली म्हणजे ०.७९ ग्रॅम. गुणाकार केला की ३० मिलीच्या स्मॉल पेगमध्ये जवळजवळ बरोब्बर १० ग्रॅम निघतात. ६० मिलीच्या लार्जमध्ये २०, नाइंटीत ३०, १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६०. महागडी स्कॉच असो की देशीची बाटली, फरक चवीचा, खिशाचा आणि सोबतीच्या मंडळींचा.

“मी कडक काही घेत नाही, फक्त बिअर” हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. ६५० मिलीच्या साध्या, ५ टक्क्यांच्या बाटलीत २६ ग्रॅम येतात. स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांपर्यंत जाते, तिच्यात ४१. म्हणजे एक स्ट्राँग बिअर म्हणजे दोन लार्ज पेग, फक्त फेसासकट. गोव्याकडच्या पाहुण्यांसाठी सांगायचं तर फेणी व्हिस्कीच्याच ताकदीची असते. हुर्राक त्या मानानं सौम्य, साधारण १५ टक्के, पण उन्हाळ्यात ती लिंबू-सोड्याबरोबर सरबतासारखी प्यायली जाते आणि मोजणी तिथेच सुटते. २०२२च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असा युक्तिवाद आपण सगळ्यांनी ऐकला. शेतकऱ्याच्या द्राक्षाचं काय करायचं हा वेगळा वाद, तो जरूर घालावा. पण १३ टक्क्यांच्या वाइनच्या १५० मिली ग्लासात १५ ग्रॅम अल्कोहोल असतं आणि यकृताला ते द्राक्षाचं की मळीचं याचं सोयरसुतक नसतं.

आता दादांचे दोन. लार्ज धरले तर दिवसाचे ४० ग्रॅम. वर्षाचे १४ किलो ६०० ग्रॅम. किराणा दुकानात गोडेतेलाचा १५ किलोचा डबा असतो ना, जवळजवळ तेवढं शुद्ध अल्कोहोल दर वर्षी एका यकृतातून जातं. मी हे सांगते तेव्हा माणसं पहिल्यांदा गप्प होतात. आकडा तोच, पण डबा डोळ्यांसमोर येतो.

बारमध्ये निदान मापाचं भांडं असतं. घरी ‘दोन बोटं’ असतात, आणि ती ग्लासाच्या रुंदीप्रमाणे वाढतात. घरात खोकल्याच्या औषधाची खुणा असलेली प्लास्टिकची टोपी असेल तर तिनं एकदा करून बघा. रोजच्या ग्लासात रोजच्या अंदाजानं पाणी ओता आणि मग ते टोपीनं मोजा.

गिरणीत काय चालतं

अल्कोहोल पचवावं लागत नाही. रेणू लहान, पाण्यात सहज मिसळणारा. साधारण पाचवा हिस्सा जठरातूनच रक्तात जातो, उरलेला लहान आतड्यातून. पोटात अन्न असेल तर ते जठरात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून हळू चढते. ‘जेवून घेतली की बाधत नाही’ या समजुतीत खरं एवढंच. शरीरातल्या पाण्यात ती पसरते, आणि बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं. जठरात दारू मोडणारं विकरही त्यांच्याकडे साधारणपणे कमी. त्यामुळे त्याच पेगानं बाईच्या रक्तातलं प्रमाण जास्त चढतं आणि यकृताचं नुकसान कमी वर्षांत होतं. यात कुणाच्या संस्काराचा प्रश्न नाही.

उतरवायचं काम जवळजवळ सगळं यकृताचं, आणि त्याचा वेग ठरलेला, तासाला ७ ते १० ग्रॅम. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ यांनी माणूस जागा होतो, वेग वाढत नाही. ४० ग्रॅमला चार ते सहा तास. आठ-साडेआठला संपवलेले दोन लार्ज पहाटे एक-दोनपर्यंत चालू असतात.

या कामाचे दोन टप्पे आहेत. आधी अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड होतं. हे खरं विष, मूळ दारूपेक्षा कितीतरी उग्र. मग त्याचं ॲसिटेट होतं, ते निरुपद्रवी, पुढे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातं. अडचण अशी की शरीराला दारू साठवून ठेवता येत नाही. साखर साठवता येते, चरबी साठवता येते, ही नाही. म्हणून यकृत ती आधी हातात घेतं आणि बाकीची कामं बाजूला सारतं. गावच्या गिरणीत लग्नाचं दळण आलं की आपले डबे कसे रांगेत पडून राहतात, तसं. या रांगेत सगळ्यात मागे पडते ती चरबी. जेवणातून आलेली चरबी जाळायची राहते, उलट रासायनिक समतोल असा बिघडतो की यकृत नवी चरबी बनवायला लागतं. काही तिथेच साठते, काही रक्तात सोडली जाते.

ट्यूबमधलं ताक म्हणजे ती रक्तात सोडलेली चरबी. तपासणीत तिला ट्रायग्लिसराइड्स म्हणतात, दादांचे ११४० आले. १५०च्या आत हवेत. साखरही सीमेवर होती, आणि दारू, वाढलेलं पोट, साखर हे तिघं एकमेकांना हात देतात. आकडा हजाराच्या वर गेला की स्वादुपिंडाला अचानक सूज येण्याची भीती असते. पोटात वरच्या बाजूला उठून थेट पाठीत जाणारी कळ, उलट्या, आणि रात्रीतून आयसीयू. पोटाचं म्हणाल तर, एक ग्रॅम अल्कोहोल ७ कॅलरी देतं. दादांचे दोन म्हणजे २८० कॅलरी, जवळजवळ तीन पोळ्या, चकणा वेगळा.

यकृताचं पुढचं गणित सांगते. रोज भरपूर पिणाऱ्या शंभरातल्या नव्वदांच्या यकृतात चरबी साठते. याला फॅटी लिव्हर म्हणतात. हे दुखत नाही, खुपत नाही, आणि चांगली गोष्ट अशी की दारू थांबवली तर काही आठवड्यांत उतरतं. थांबवली नाही तर काहींच्या यकृताला सूज येते. सूज येत राहिली की मेलेल्या पेशींच्या जागी घट्ट चट्टे तयार होतात, जखमेच्या जागी होतात तसे. चट्टे जाळ्यासारखे सगळीकडे पसरले की तो सिरोसिस. सतत जास्त पिणाऱ्या शंभरातले दहा ते वीस इथवर येतात.

सिरोसिसमध्ये माणूस दगावतो कसा, हे मात्र बहुतेकांना माहीत नसतं. आतड्यांकडून येणारं सगळं रक्त एका मोठ्या शिरेनं यकृतात शिरतं. चट्ट्यांनी वाट अडवली की तुंबलेलं रक्त आडवाटा शोधतं, हायवे बंद पडल्यावर ट्रक गावातून जातात तसं. त्यातली एक आडवाट अन्ननलिकेच्या भिंतीतल्या बारीक शिरांची. त्या फुगतात, आणि एखाद्या दिवशी फुटतात. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी. तुंबलेल्या दाबानं पोटात पाणी भरतं, तो जलोदर. रक्त नीट साफ होत नाही म्हणून मेंदू गुंगतो, माणूस दिवसा झोपतो आणि रात्री असंबद्ध बोलतो. घरचे म्हणतात, “पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत ठणठणीत होते हो.” ठणठणीत नव्हते. यकृत मोठं सोशिक असतं. बराचसा भाग निकामी होईपर्यंत ते तक्रार करत नाही.

“आमचे आजोबा रोज पीत, नव्वदीपर्यंत जगले” यावर मी वाद घालत नाही. असतील. शंभरातले ऐंशी-नव्वद सिरोसिसपर्यंत जात नाहीत हे वर मीच लिहिलंय. पण जे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले, ते पारावर बसून आपली गोष्ट सांगायला येत नाहीत. आणि आपण कोणत्या गटात आहोत हे आधी सांगणारी तपासणी माझ्या लॅबमध्ये नाही. वजन जास्त असेल, साखर असेल, यकृताची जुनी कावीळ, म्हणजे हेपटायटिस बी किंवा सी असेल, तर फासे आपल्याविरुद्ध पडलेले असतात, एवढं सांगता येतं.

रिपोर्टात काय दिसतं, काय लपतं

यकृताच्या पेशी फुटल्या की आतली रसायनं रक्तात सांडतात. एसजीओटी आणि एसजीपीटी म्हणजे ते सांडणं मोजणं. ते नॉर्मल आले की माणसं जिंकल्यासारखी घरी जातात आणि त्या रात्री साजरं करतात. तिथेच फसगत होते. चट्टे भरलेल्या यकृतात फुटायला पेशीच कमी उरतात, त्यामुळे सिरोसिसमध्येही हे दोन आकडे चांगले येऊ शकतात. दारूच्या सुजेत बऱ्याचदा एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुप्पट किंवा जास्त दिसतं, डॉक्टर त्या प्रमाणाकडे बघतात.

जीजीटी नावाची एक तपासणी रोजच्या दारूला चटकन प्रतिसाद देते. थांबवली की दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येते. आणि सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदावर सगळ्यांचं लक्ष हिमोग्लोबिनवर असताना चार ओळी खाली एमसीव्ही असतो, लाल पेशीचं आकारमान. ८० ते १०० ठीक. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या पेशी फुगतात, १०२, १०४ दिसतात. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे विम्याच्या तपासणीआधी आठ दिवस सज्जन होऊन येणाऱ्याचं जीजीटी उतरायला लागलेलं असतं, एमसीव्ही मात्र गेल्या तीन महिन्यांचं सांगत बसतो. (बी१२ कमी असलं तरी एमसीव्ही वाढतो आणि शाकाहारी लोकांत ते सर्रास दिसतं. जीजीटीसुद्धा काही औषधांनी आणि लठ्ठपणानं वाढतं. तेव्हा कागद बघून सासऱ्यांवर आरोप करू नका.)

‘लिव्हरचं टॉनिक’ घेतलं म्हणजे पुढची वाट मोकळी, असं समजणारे पुष्कळ. पेग चालू असताना त्याचं नुकसान पुसून टाकणारं औषध कुठल्याच दुकानात मिळत नाही.

‘झेपणं’

दारू मेंदूत दोन ठिकाणी हात घालते. गाबा नावाचं रसायन मेंदूचा ब्रेक, ग्लुटामेट हा ॲक्सिलरेटर. दारू ब्रेक दाबते आणि ॲक्सिलरेटर सैल करते. म्हणून सैलावल्यासारखं वाटतं, जीभ मोकळी होते, तोल जातो. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी कुणीतरी ब्रेक दाबणार हे मेंदूच्या लक्षात आलं की तो आपला बंदोबस्त करतो. ब्रेक ढिला ठेवतो, ॲक्सिलरेटर चढवून ठेवतो. आता त्याच दोन पेगांनी काही होत नाही. याला आपण म्हणतो, झेपते.

यकृतही बदलतं. रोजच्या भारामुळे ते दारू मोडायची एक जादाची यंत्रणा सुरू करतं. तिनं दारू जरा लवकर उतरते, पण वाटेत पेशींना ओरबाडणारे कण जास्त तयार होतात. हीच यंत्रणा साध्या पॅरासिटॅमॉलच्या गोळीचं यकृताला घातक असं रूप जास्त बनवते. म्हणून रोज बरीच घेणाऱ्यानं डोकेदुखीसाठी मनानं गोळ्यांवर गोळ्या खाऊ नयेत.

म्हणजे झेपणं हे फक्त मेंदूचं, थोडं यकृताच्या वेगाचं. अन्ननलिकेच्या अस्तराला, धमन्यांना, स्वादुपिंडाला झेपायची काही सोय नाही. त्यांच्याकडे ग्रॅम तेवढेच पोचतात. खरं तर जास्त, कारण न चढणारा माणूस तिसरा भरतो. जिन्याखालच्या मीटरचा आकडा झाकला म्हणून वीज कमी जळत नाही, तसंच हे.

झोपेचं तर रोजचं प्रात्यक्षिक आहे. “दोन घेतल्याशिवाय झोप येत नाही” आणि “पहाटे तीनला टक्क जाग येते” ही दोन वाक्यं एकच माणूस बोलतो, आणि त्यांचा संबंध त्याला जाणवत नाही. दारू झोप लवकर आणते हे खरं. पण ती उतरते तेव्हा चढवून ठेवलेला ॲक्सिलरेटर मोकळा सुटतो. छाती धडधडते, घाम येतो, मग दूधवाल्यापर्यंत कूस बदलणं. स्वप्नांची झोप पहिल्या अर्ध्या रात्री दबलेली असते ती वेगळीच. घोरणारा माणूस घशाचे स्नायू सैलावल्यानं जास्त घोरतो, श्वास अडकतो. सकाळी थकवा. संध्याकाळी थकवा घालवायला दोन.

‘थोडी हृदयाला चांगली’

हे वाक्य कुठून आलं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण ते थापेतून आलेलं नाही. अनेक अभ्यासांत दिसायचं की अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा थोडी पिणारे कमी मरतात. त्यात फ्रान्सची गोष्ट १९९१मध्ये अमेरिकन टीव्हीवर गाजली. फ्रेंच लोक लोणी-चीज खातात तरी हृदयविकार कमी, तर हे रेड वाइनमुळेच असावं. वाइन खपली.

खोट न पिणाऱ्यांच्या गटात होती. १९८८मध्ये ब्रिटिश संशोधकांनी ती दाखवली. या गटात जन्मात न प्यालेले होते, तसे आजारी पडल्यामुळे सोडलेलेही होते. मधुमेह झाला, डॉक्टरांनी बंद करायला सांगितली, अशी माणसं ‘न पिणारे’ म्हणून मोजली गेली आणि त्यांच्या मरणाचा हिशेब संयमाच्या नावावर लागला. शिवाय मोजून एक ग्लास घेणारा माणूस बहुधा खाऊनपिऊन सुखी, व्यायामाला वेळ असलेला, डॉक्टरकडे वेळेवर जाणारा. फायदा ग्लासाचा की बँक बॅलन्सचा?

यावर एक छान तोड निघाली. पूर्व आशियात अनेकांना जन्मतःच असा जीन असतो की ॲसिटाल्डिहाइड मोडत नाही. एका पेगात चेहरा लालबुंद, मळमळ. हे लोक कमी पितात ते जन्मतःच, आजारपणामुळे नाही. चीनमध्ये पाच लाख लोकांवर चाललेल्या अभ्यासानं या जीनच्या आधारे पडताळा घेतला आणि २०१९मध्ये निष्कर्ष आला. थोडी दारू पक्षाघातापासून वाचवते याला आधार मिळाला नाही; दारू वाढेल तसा रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका वाढतच गेला. हृदयविकाराच्या झटक्याबद्दल चित्र अजून पूर्ण स्पष्ट नाही. पण हृदयासाठी म्हणून कुणी प्यायला सुरुवात करावी, असं आज कुठलीही जबाबदार वैद्यकीय संस्था सांगत नाही.

रक्तदाब हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात दुर्लक्षित परिणाम. गोळ्या वाढत जातात, दाब हटत नाही, आणि संध्याकाळच्या दोनांबद्दल ना डॉक्टरांनी विचारलेलं, ना यांनी सांगितलेलं. हृदयाची लयही बिघडते. सलग सुट्टीत बेसुमार पिऊन छातीत फडफड घेऊन येणाऱ्यांची नोंद अमेरिकेत १९७८मध्ये झाली, तिला नावच ‘हॉलिडे हार्ट’ पडलं.

कॅन्सरबद्दल लोक सिगारेट म्हटलं की मान हलवतात, दारू म्हटलं की चकित होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं १९८८मध्येच मद्य पहिल्या गटात टाकलं. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस ज्या गटात आहेत तोच. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि बायकांमधला स्तनाचा कॅन्सर. कारण मुख्यतः तेच ॲसिटाल्डिहाइड. ते पेशीच्या डीएनएला चिकटतं, दुरुस्ती चुकते. स्तनाच्या कॅन्सरचा धोका तर दिवसाला एका ड्रिंकपासूनही थोडा वाढलेला दिसतो. आणि आपल्याकडची खास भर म्हणजे पेगाआधी मळलेली तंबाखू, पेगानंतर मावा. दारू तोंडाच्या अस्तरातून तंबाखूची विषं आत शिरायला वाट करून देते. दोन्हींचा धोका नुसता बेरजेत मिळत नाही, गुणाकारात जातो.

बाकीचं भराभर सांगते. बी१ जीवनसत्त्व कमी पडून तळपायांची आग आणि पुढे विस्मरण. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी प्यायल्यास साखर धोकादायक खाली, आणि आजूबाजूच्यांना वाटतं याला चढलीय. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन घटणं. गरोदरपणात बाळाच्या मेंदूला इजा, तिथे कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही.

मग किती चालते?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३च्या जानेवारीत सांगितलं की सुरक्षित म्हणावं असं प्रमाण नाही. हे खरं आहे, पण अशा उत्तरानं माणूस कान बंद करतो, म्हणून मी आकड्यांतच बोलते. २०१८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सुमारे सहा लाख पिणाऱ्यांचा अभ्यास आला. आठवड्याला १०० ग्रॅमच्या वर मृत्यूचा धोका चढत जाताना दिसला. १०० ग्रॅम म्हणजे आठवड्याचे पाच लार्ज. दादांचे होतात २८०. चाळिशीतल्या माणसाचं २०० ते ३५० ग्रॅमच्या गटात आयुष्य सरासरी एक ते दोन वर्षांनी कमी भरलं, त्याहून वर चार ते पाच वर्षांनी. एक-दोन वर्षं ऐकायला फार नाहीत. पण सरासरी अशी सगळ्यांना सारखी वाटली जात नाही. कुणाचं काहीच जात नाही आणि कुणाची वीस जातात. कॅनडात २०२३मध्ये आलेल्या मार्गदर्शनात तर आठवड्याला दोन ड्रिंक, म्हणजे २७ ग्रॅमपर्यंतच धोका कमी म्हटलाय. माझं मत विचाराल तर आठवड्यात बहुतेक दिवस कोरडे असणं आणि उरलेल्या दिवशी मोजून घेणं हे रोजच्यापेक्षा पुष्कळ बरं, मात्र आठवड्याचा कोटा शनिवारी एकदम उडवायचा नाही. आणि ज्याचं यकृत सुजलंय, स्वादुपिंड एकदा दुखलंय किंवा ट्रायग्लिसराइड्स चार आकडी आहेत, त्याच्यासाठी प्रमाण एकच, शून्य.

सोडताना मात्र एक खरी धोक्याची जागा आहे. आपल्याकडे श्रावण पाळतात. रोज दोन घेणारा श्रावणात सहज राहतो, चिडचिड होते आणि झोप बिघडते इतकंच. पण सकाळी हात कापतात, कापरं थांबवायला एक घोट लागतो, दिवसाला एक-दीड क्वार्टर जातेच, अशा माणसानं मनानं एका दिवसात सोडू नये. चढवून ठेवलेला ॲक्सिलरेटर आणि अचानक गायब झालेला ब्रेक, याचा परिणाम पहिल्या दोन दिवसांत फिट येण्यात होऊ शकतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम, अंगावर किडे चालताहेत असं दिसणं, ताप, घाम. यात माणूस जाऊ शकतो. दवाखान्यात काही दिवसांच्या गोळ्या आणि बी१ची इंजेक्शनं देऊन हे सुरक्षितपणे पार पडतं. सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे, पुण्यात १९८६पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे.

याचं दुसरं रूप ऑपरेशनच्या वॉर्डात दिसतं. मांडीचं हाड मोडून आलेले काका, ऑपरेशन उत्तम, आणि तिसऱ्या रात्री सलाइन उपटून “बैल सुटले” म्हणून ओरडायला लागतात. घरचे भुलीच्या डॉक्टरांवर चिडतात. कुणालाच सुचत नाही की काकांना तीन दिवस दारू मिळालेली नाही. भरतीच्या फॉर्मवर ‘मद्यपान’समोर मुलानं ‘क्वचित’ लिहिलेलं असतं, कारण सूनबाई शेजारी उभ्या असतात. तिथे मिली लिहा. रोज किती, किती वर्षं, शेवटची कधी. डॉक्टर ते वाचून पहिल्याच दिवशी औषध सुरू करतात.

दादा गणपती झाल्यावर परत आले. ट्रायग्लिसराइड्स २६०, जीजीटी निम्म्याखाली, आणि ट्यूबमधलं सीरम गढूळ असलं तरी पलीकडचं दिसण्याइतकं. डॉक्टरांनी पूर्ण बंद सांगितली होती, त्यांनी श्रावणापासून ती बंदच ठेवली होती. पैसे देता देता थांबले आणि जरा आवाज उतरवून म्हणाले, “ताई, ते खोकल्याच्या औषधाच्या टोपीनं मोजून बघितलं. तोच ग्लास, तोच अंदाज, नुसतं पाणी. दोन ग्लासांचं मिळून दीडशे मिली भरलं. माझे दोन म्हणजे पाच स्मॉल निघाले.”